जाड जाळी, पातळ जाळी आणि टोरलीफमामांचा मान

सोल्हाइम, मिनेसोटा
बीटच्या काढणीतला दुसरा बुधवार

टोरलीफमामा, आणि तुमच्यामार्फत पाण्याने विमानाचं इंजिन थंड ठेवणाऱ्या जगातल्या तमाम स्त्री-पुरुषांनो,

आपली सगळ्यांची तक्रार एकच आहे आणि ती मी पहिल्याच ओळीत मांडते. ज्यांची इंजिनं नुसत्या वाऱ्यावर थंड होतात ते लोक आपल्याला वैमानिक समजतच नाहीत. आपण धावपट्टीवर उतरलो, की ते हातातला कप पुढे करून विचारतात, "काय, उकळलं का पाणी? कॉफी टाकू?" हा विनोद त्यांच्या बापांनी आपल्या बापांना ऐकवला, आता ते आपल्याला ऐकवतात, आणि आपण काय करतो? हसतो! मोटारीत पाणी, ट्रॅक्टरमध्ये पाणी, यांच्या स्वतःच्या अंगातसुद्धा बारा आणे पाणीच; मग विमानात पाणी आलं की ते हास्यास्पद कसं ठरतं? आणि आपण किती दिवस मान खाली घालून रेडिएटरचं झाकण उघडत राहायचं?

(मामा, हे भाषण झालं. सहकारी धान्यकोठाराच्या सभा गाजवण्यात आयुष्य गेलं, आता वाणसामानाची यादी लिहायला बसले तरी शेवटी ठराव मांडावासा वाटतो. आता रीतसर लिहिते.)

सप्रेम नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? अ‍ॅरिझोनाच्या उन्हाने तो बरा होतो असं मामी म्हणत होत्या, पण मागच्या वेळी तुम्ही इथून निघालात तेव्हाही तो बराच होता, त्यामुळे श्रेय नक्की कोणाला द्यायचं ते कळत नाही. मामींच्या टोमॅटोंना तिथे सावली करावी लागते म्हणे. इथे दोनदा हिव पडलं. बीटच्या ट्रकांनी रस्त्यांवर इतका चिखल आणून टाकलाय, की पाद्रीबाबांची गाडी गेल्या रविवारी चर्चच्या दारातच रुतली आणि प्रवचन अर्धा तास उशिरा सुरू झालं. (कुणाची काही तक्रार नव्हती.) आमचे सेल्मरही दरवर्षीप्रमाणे दुपारपासून ट्रकवर असतात. प्रकृती ठीक. माझा आवाज तर तुम्हाला माहीतच आहे, त्याला काही होत नाही.

आता विमानाचं. तुम्ही प्रत्येक पत्रात विचारता आणि आम्ही प्रत्येक पत्रात "चाललंय" असं लिहितो. या "चाललंय"मध्ये काय काय दडलंय ते आज सविस्तर सांगते. आमचं विमान दोन माणसांचं. त्यातली डावी खुर्ची सेल्मरची, उजवी माझी. उजव्या खुर्चीची उशी मी स्वतः शिवली, निळ्या कॉर्डरॉयची, आणि तिच्यावर अजून कोणीही बसलेलं नाही. कारण घरी बांधलेल्या विमानाचा नियम असा, की चाचणीचे ठरलेले तास पुरे होईपर्यंत त्यात चालवणाऱ्याशिवाय कोणी बसायचं नाही. नियम योग्यच आहे. नियमांविरुद्ध मी जन्मात भाषण केलेलं नाही, नियम मोडणाऱ्यांविरुद्ध केलीत. अडचण निराळीच आहे. नोव्हेंबरात सेल्मरची वैमानिकाच्या परवान्यासाठीची डॉक्टरी तपासणी आहे. मागच्या खेपेला डॉक्टरांनी त्यांच्या डाव्या डोळ्यात बराच वेळ पाहिलं आणि नुसतं "हं" म्हणाले. या डॉक्टरांच्या "हं"चा अर्थ गावात सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे बर्फ पडायच्या आणि तपासणी यायच्या आत ते तास पुरे झाले, तर मी एकदा नवऱ्याच्या शेजारी बसून आमची शेतं वरून बघणार. नाही झाले, तर ती उशी मी दिवाणखान्यातल्या खुर्चीवर ठेवणार आणि तिच्याकडे बघत म्हातारी होणार. एवढी साधी गोष्ट आहे.

आणि तास का पुरे होत नाहीत? पाणी उकळतं म्हणून.

मामा, विमानाच्या पोटाखालचा रेडिएटर, म्हणजे पाणी निववणारी ती जाळी, तुमची आहे. डुलुथच्या दुकानात तुम्ही स्वतःच्या हातांनी बनवलेला, पितळी पट्टीवर नाव कोरलेला, हाताच्या तळव्याइतका पातळ आणि पाटासारखा रुंद. तो देताना तुम्ही म्हणाला होतात, "हवेला मोकळी वाट दे, गुद्रुन. जाड जाळी म्हणजे हवेच्या तोंडावर दार लावणं." हे वाक्य मी सभांत दोनदा वापरलंय. (विषय धान्याच्या रेल्वे-भाड्याचा होता, पण टाळ्या पडल्या.) तेव्हा माझाही त्यावर विश्वास होता. पातळ जाळी, हवा सुळकन आरपार, विमानाला मागे ओढणारं काही नाही. याहून सरळ काय असणार?

घडलं ते असं. सेल्मर उडायचे, पाचशे-सहाशे फूट चढायचे आणि पाण्याच्या तापमानाचा काटा लाल रेषेला लागायचा. मग नाक खाली, इंजिन मंद, एक वळसा आणि परत. हवा कमी पडते म्हणून आम्ही ती आत घेणारं पोटाखालचं तोंड मोठं केलं. काटा जरा उतरला, पण विमान असं उडायला लागलं, जसं कोणी मागून कोटाची शेपटी धरलीय. पुन्हा मोठं केलं. आता ते आमच्या मक्यावरून जाणाऱ्या बदकांच्याही मागे पडू लागलं. धावपट्टीवरच्या लोकांनी काय म्हणावं? तुम्हाला आपली माणसं माहीत आहेत. ओर्लिनने (त्याचं इंजिन वाऱ्यावरचं, कॉफीचा विनोदही त्याचाच) एवढं मोठं तोंड पाहिलं, टोपी मागे सारली आणि म्हणाला, "वेगळंच आहे हं." या गावात याच्यापेक्षा कठोर बोलणं मी फक्त एका अंत्यविधीत ऐकलंय.

मग मी वाचायला घेतलं. जिल्हा ग्रंथालयातून पुस्तकं मागवली, ती संपल्यावर विद्यापीठातून मागवली. आणि मामा, अर्ध्या रात्रीत क्रांती व्हावी तशी माझी मतं फिरली. हवा आत आली, जाळीतून गेली, बाहेर पडली. यात विमानाला काय जड जातं? प्रत्येक घमेलंभर हवा आत घ्यायची म्हणजे तिला आधी अडवायचं आणि मग जाऊ द्यायचं, आणि या अडवण्याची किंमत इंजिन मोजतं. म्हणजे खरा प्रश्न हवेला वाट किती मोकळी हा नाहीच. खरा प्रश्न हा, की तेवढीच उष्णता बाहेर न्यायला हवा लागते किती! पातळ जाळीतून हवा सुळकन जाते खरी, पण कोमट होऊनच जाते. अर्ध्या रिकाम्या ट्रकांसारखी. जाड जाळीतून ती रेंगाळत जाते आणि चांगली तापून बाहेर पडते. थोडीच हवा, पण भरल्या गाडीने. मग आत घ्यायची हवा कमी, म्हणून ओढ कमी.

हे मी चर्चच्या तळघरात महिला मंडळाच्या कॉफीच्या वेळी समजावून सांगितलं. उदाहरण समोरच होतं. म्हटलं, बायांनो, कॉफीची पूड रुंद चाळणीत पातळ पसरली तर घागरभर पाणी ओतावं लागतं आणि खाली येतं ते फिक्कं. तीच पूड अरुंद भांड्यात जाड थराने घातली, तर थोड्या पाण्यात कडक कॉफी. आपल्याला कडक कॉफी न्यायची आहे, पाणी नाही! मग लव्हॉन (तळघरातली कॉफी बावीस वर्षं तिच्याच हातची) अगदी गोड आवाजात म्हणाली, "म्हणजे आमची कॉफी पातळ असते, असं म्हणायचंय का तुला, गुद्रुन?" मी म्हटलं, उदाहरण आहे गं ते. ती म्हणाली, "हो हो, छान होतं हं उदाहरण." त्या दिवशी लिंबाच्या वड्यांचं ताट माझ्यापर्यंत आलंच नाही.

जाड जाळी मात्र मिळाली, आणि तीही ओर्लिनकडून. त्याच्या कोठारामागे एक जुनी मोटार गवतात बसलीय. तिच्या एसीतली जाळी विटेसारखी, लहान चेहऱ्याची आणि भरपूर खोल. ओर्लिन म्हणाला, "न्या की. उंदरांना तरी काय करायचीय?" पण ती आणल्यावर सेल्मर हातात पाना घेऊन तुमच्या रेडिएटरसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "मामांना काय वाटेल?"

आता इथे आपण सगळ्यांनी जरा थांबून विचार करायला हवा. ज्या माणसाच्या इंजिनाला उकळी फुटते, ज्याच्या हातात महिनाभराचा अवधी उरलाय, तो माणूस "मामांना काय वाटेल" म्हणतो! आणि त्याच्या बायकोला, जिने रेल्वेच्या अध्यक्षाला भर सभेत दोन तास उभं केलं होतं, तिला काय सुचतं? ती म्हणते, "खरंच की. मग दोन्ही लावू या." मामा, आम्ही तुमच्या जाळीच्या मागे जाड जाळी लावली. एकामागे एक. कोणाचंच मन दुखायला नको म्हणून. जगातल्या कुठल्याही पुस्तकात ही रचना नाही, आणि का नाही ते आम्हाला लवकरच कळलं.

हवा नेमकी कुठे जाते हे बघायला पोटाखालच्या तोंडाभोवती लाल लोकरीचे वीतभर धागे चिकटवतात. लोकर लव्हॉनने दिली. ("कॉफीचं मनात ठेवलेलं नाही हं," असं म्हणत दिली, म्हणजे ठेवलं होतं.) सेल्मर एकटे उडाले आणि मी ओर्लिनच्या विमानातून त्यांच्या शेजारी, मांडीवर दुर्बीण घेऊन. धागे मागे लोळायला हवेत. मामा, तोंडाच्या खालच्या ओठावरचे धागे पुढे आले होते! वाऱ्याच्या विरुद्ध! लाल धागे पुढे येऊन थरथरत होते, जसे दारात उभे राहून हात हलवणारे लोक, की आत जागा नाही, पुढे जा. दोन जाळ्यांची मिळून ती भिंतच झाली होती, आत शिरलेली हवा पुन्हा तोंडातून बाहेर ओघळत होती आणि त्या ओघळण्याने विमानाला आणखी मागे खेचत होती. मी इतक्या मोठ्याने ओरडले, की ओर्लिनने विमान एकदम डावीकडे काढलं. "काय झालं? पडला का?" "नाही," म्हटलं, "दार लावलं गेलंय, दार!" तो म्हणाला, "माझं दार बरोबर लागलंय," आणि कडी चाचपून पाहिली. (हे तुमचंच वाक्य होतं, मामा. म्हणजे तुम्ही बोललात त्यात तथ्य होतं, हे मी इथे प्रामाणिकपणे नोंदवते.)

कारण जाड जाळी हवेला अडवतेच. तिच्यातून हवा जायची तर मागून रेटा हवा, आणि रेटा कुठून आणायचा? धावणाऱ्या हवेला हळूहळू थांबवलं, की तिचा वेग जाऊन दाब तयार होतो. पण हळूहळू! तोंड लहान, मग सावकाश रुंद होत जाणारं लांब नरसाळं आणि त्याच्या शेवटी जाळी. एकदम रुंद केलं तर हवा भिंत सोडून देते आणि मधूनच झोत मारून निघून जाते. तुमच्या जाळीचं नेमकं हेच होत होतं: पाटभर जाळी, पण वारा लागत होता तो मधल्या वीतभरालाच. चारी कोपरे सुट्टीवर!

म्हणून एका रविवारी आम्ही जाड जाळी एकटीच लावली, "फक्त चाचणीपुरती" अशी सेल्मरची अट मान्य करून, आणि तिच्यापुढे पत्र्याचं लांब नरसाळं बसवलं. त्या सकाळी धावपट्टीवर पॅनकेकची न्याहारी होती, बारा-पंधरा विमानं आलेली. सेल्मर पट्टीच्या टोकाशी पोचले. समोरून ओर्लिन आला. ओर्लिनने हाताने खूण केली, तुम्ही आधी. सेल्मरने खूण केली, छे, तुम्ही. ओर्लिनने टोपी हलवली. सेल्मरने दोन्ही हात पसरले. आणि मामा, जाड जाळीचा दोष हाच, की विमान उभं असताना तिच्यातून वारा जात नाही. उभ्या विमानात तुमची पातळ जाळीच बरी. सेल्मर तिसऱ्यांदा "तुम्ही आधी" म्हणत असताना पोटाखालून वाफेचा असा फवारा सुटला, की न्याहारीच्या रांगेतले लोक ताटल्या घेऊन मागे सरकले. ओर्लिन खिडकीतून ओरडला, "आता कॉफी टाकूच का?"

मी बाकावर चढले. मी बोलले, मामा. म्हटलं, या खोऱ्यात पुराने मेले त्याहून जास्त लोक "तुम्ही आधी"ने मेले असतील! म्हटलं, ज्याचं इंजिन पाण्यावर आहे त्याला वाट द्या, हा उपकार नाही, हा हक्क आहे! सगळ्यांनी माना डोलावल्या, सगळ्यांना पटलं, आणि ओर्लिनच्या बायकोने मला खाली उतरायला हात दिला. पाणी पुन्हा भरलं. या खेपेला सेल्मरने नाक वाऱ्याकडे करून इंजिन सुरू केलं आणि कोणाकडेही न बघता निघाले. (त्यांच्या मानेवरून कळत होतं, किती लाजले होते ते.)

आणि मग काटा चढला, मधोमध आला आणि थांबला. थांबला, मामा! हजार फूट, दोन हजार, तीन हजार. पुढचं तोंड तुमच्या जाळीच्या वेळच्या निम्मं, हवा बाहेर सोडणारं मागचं झडपेचं दार जवळजवळ मिटलेलं, आणि तरी काटा जागचा हलला नाही. सपाट उडताना वेग पूर्वीपेक्षा दहा-बारा मैलांनी जास्त. ओर्लिन शेजारून उडत होता, तो मागे पडला. तापलेली हवा मागून निघताना विमानाला जरासा ढकलतेसुद्धा, असं पुस्तकं म्हणतात. आमच्याकडे तिने ढकललं की नाही कोण जाणे, पण ओढलं तरी नाही. सेल्मर उतरले आणि म्हणाले, "वाईट नाही." मामा, आमच्या लग्नाच्या दिवशीही ते एवढंच म्हणाले होते.

विजय झाला असं मी जाहीर करणार, एवढ्यात लव्हॉन म्हणाली, "पण गुद्रुन, जाळीही बदललीस आणि नरसाळंही बदललंस. मी साखर आणि लोणी दोन्ही एकदम बदललं, तर केक कशाने फुगला हे कसं कळणार?" मला चार दिवस झोप नाही. प्रश्न बिनतोड होता. मग तुमच्या जाळीला तसंच सावकाश रुंद होणारं नरसाळं लावायचं ठरवलं आणि कागदावर काढून पाहिलं. पाटाएवढा चेहरा, त्याला जपून रुंद होत जाणारं नरसाळं. ते विमानाच्या नाकावरच्या पंख्याच्याही पुढे दोन फूट निघालं! विमानाला गाभण डुकरिणीचं पोट आलं. आणि तिथेच उत्तर होतं. नुसत्या जाडीत जादू नाही. जाडीमुळे चेहरा लहान होतो, चेहरा लहान झाला की नरसाळ्याला जागा मिळते, आणि हवेला शांतपणे थांबवता आलं की मगच ती थोडक्यात पुष्कळ काम करते. किती जाड? फार जाड केली तर मागच्या थरांना आधीच तापलेली हवा मिळते आणि उगाच वजन वाहायचं. संथ विमानाला पातळ, वेगवान विमानाला जाड, आणि आमच्यासारख्याला मधलं काहीतरी. आयुष्यभर मी एक बाजू धरून बोलत आले. "ते परिस्थितीवर अवलंबून आहे" हे वाक्य मी भित्र्या माणसांचं समजायचे. आता ते मी दिवसातून तीनदा म्हणते आणि मला त्यात गंमत वाटायला लागलीय. ओर्लिन परवा हळूच विचारत होता, वाऱ्यावरच्या इंजिनालाही असं नरसाळं चालेल का? मी म्हटलं, वेगळंच आहे हं.

बाकी विशेष काही नाही. मामींना नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुमची,
गुद्रुन

ता. क. एक छोटी गोष्ट राहिली. त्या रविवारनंतर सेल्मरने जाड जाळी काढून तुमची पुन्हा बसवली. अट पाळली. "मामांनी स्वतः सांगितल्याशिवाय नाही," म्हणतात. मी म्हटलं, मग विचारा. म्हणतात, "असं कसं एखाद्याला विचारायचं?" काढणी या आठवड्यात संपतेय, येत्या शनिवारी ते उरलेले तास उडायला सुरुवात करणार आहेत, तुमच्या जाळीवर, पाचशे फुटांपर्यंत आणि परत.

ता. क. २. खरं सांगायचं तर तुमची जाळी आता विमानावर नाही. परवा दुपारी सेल्मर ट्रकवर असताना मी ती उतरवली आणि जाड जाळी आणि नरसाळं परत बसवलं. सगळे सांधे दोनदा तपासले, पाणी भरलं, इंजिन फिरवून पाहिलं, एक थेंब गळत नाही. तुमची जाळी चर्चच्या तळघरात आहे, बॉयलरच्या गरम पाण्याच्या नळाला जोडून, मागे एक लहानसा पंखा लावून. दुबळ्या वाऱ्याला पातळ आणि रुंदच जाळी हवी. तिथे ती इतकं सुंदर काम करते, की महिला मंडळाने काल पहिल्यांदा कोट काढून ठेवले. तुमच्या नावाची पट्टी दर्शनी बाजूला आहे आणि लव्हॉनने ती घासून लखलखीत केलीय. सेल्मरला यातलं काहीही माहीत नाही.

ता. क. ३. म्हणून हे पत्र एक्सप्रेस टपालाने पाठवते आहे. मामा, तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही हे मला माहीत आहे, पण तुम्हाला ऐकायचं काही नाहीच, फक्त बोलायचं आहे. शनिवारी न्याहारीच्या वेळी, ते हँगरकडे निघायच्या आधी, आमच्या घरी फोन लावा. ते हवापाण्याचं विचारतील, गुडघ्याचं विचारतील, नाही-नाही म्हणतील, थांबू नका. "सेल्मर, माझी जाळी काढ, उरलेले तास उड आणि गुद्रुनला वर ने." एवढं म्हणा आणि फोन ठेवून द्या.